ओआरएस जगभर गेलं कोलकात्याच्या वाटेने. मग भारतातच त्याच्या नावावरून वाद का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातल्या मेडिकल दुकानांमध्ये तीन अक्षरांवरून गडबड उडाली. ‘ओआरएस’ हा शब्द छापलेली फळांच्या चवीची टेट्रा पॅक पेयं विकायची की परत पाठवायची, असा प्रश्न दुकानदारांना पडला. मुलाला जुलाब झाल्यावर हेच पॅक घरी नेणाऱ्या पालकांना पडलेला प्रश्न जास्त गंभीर होता. इतके दिवस आपण मुलाला जे पाजत होतो, ते नेमकं काय होतं?

‘भारताने जगाला काय दिलं’ अशा याद्या व्हॉट्सॲपवर नेहमी फिरतात. त्यात शून्य असतं, बुद्धिबळ असतं, योग असतो. ओआरएसचं नाव मात्र क्वचितच दिसतं. गेल्या शतकात सर्वाधिक जीव वाचवणाऱ्या उपायांत ओआरएसची गणना होते आणि त्याच्या जडणघडणीत कोलकात्यातल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. तरीही त्याच्या नावाचा गैरवापर थांबवायला भारतात २०२५ साल उजाडावं लागलं. असं का झालं?

नेमकं प्रकरण काय?

ओआरएस म्हणजे ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स. महाराष्ट्रात आरोग्य खात्याच्या फलकांवर आणि आशाताईंच्या बोलण्यात याचंच नाव ‘जलसंजीवनी’ असं असतं. जुलाब-उलट्यांमुळे शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार तोंडावाटे भरून काढणारं हे मिश्रण आहे. त्यात काय आणि किती असावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेलं आहे. त्या सूत्राप्रमाणे बनवलेलं ओआरएस भारतात औषध म्हणून गणलं जातं.

दुकानांत मिळणारी अनेक गोड पेयं मात्र औषध म्हणून नव्हे, तर खाद्यपदार्थ म्हणून नोंदलेली होती. त्यांच्या ब्रँडच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं कुठेतरी गुंफलेली असायची. औषधांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, ही वेगळी. या दोन यंत्रणांच्या मधल्या फटीत ही पेयं वाढली.

एप्रिल २०२२ मध्ये एफएसएसएआयने अशा दिशाभूल करणाऱ्या लेबलांविरुद्ध भूमिका घेतली होती. पण त्याच वर्षी जुलैमध्ये प्राधिकरणाने एक सवलत दिली. नोंदणीकृत ब्रँडनावात पुढे किंवा मागे काही जोडून ‘ओआरएस’ वापरता येईल, फक्त हे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नाही अशी सूचना छापावी, अशी ती सवलत होती. परिणाम असा झाला की पॅकच्या पुढच्या बाजूला ठळक नाव आणि खुलासा मात्र बारीक अक्षरांत.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं या विषयाचा पाठपुरावा करत होत्या. त्यांनी समाजमाध्यमांवर पालकांना सावध केलं, सरकारी यंत्रणांना पत्रं लिहिली आणि २०२२ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल केली. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एफएसएसएआयने आधीची सवलत मागे घेतली. फळांचं पेय असो, साधं पेय असो किंवा प्यायला तयार पेय असो, कोणत्याही खाद्यपदार्थाच्या नावात ‘ओआरएस’ वापरता येणार नाही, पुढे-मागे काहीही जोडलं तरी नाही, असा हा आदेश होता.

यानंतर कंपन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. बाजारात आधीच गेलेल्या मालाचं काय करायचं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. ३१ ऑक्टोबरला डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजच्या याचिकेवर सुनावणी करताना प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा असल्याचं सांगत न्यायालयाने एफएसएसएआयच्या निर्णयात हस्तक्षेप करायला नकार दिला.

थोडी साखर जास्त झाली तर बिघडतं कुठे?

या वादातला हा कळीचा प्रश्न आहे, कारण वरवर पाहता दोन्हीकडे पाणी, साखर आणि मीठच असतं.

आपल्या लहान आतड्यात सोडियम शोषून घेणारी एक खास वाट आहे. या वाटेने सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही ओढलं जातं. कॉलऱ्यात किंवा जुलाबाच्या इतर अनेक आजारांत आतड्यातून भरमसाट पाणी बाहेर टाकलं जातं, पण ही जोडवाट सहसा शाबूत राहते. म्हणून जुलाब सुरू असतानाही योग्य प्रमाणातलं मीठ-साखरेचं पाणी शरीर शोषून घेऊ शकतं.

यात ग्लुकोजचं काम गोडवा किंवा ताकद देण्याचं नाही. सोडियमला सोबत करून आत नेणं एवढंच ते आहे, म्हणून ते मोजकंच लागतं. सध्याच्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं.

साखर याच्या कितीतरी पट झाली, तर उलटी गंगा वाहू लागते. आतड्यात साचलेली जादा साखर शरीरातलंच पाणी आतड्याकडे खेचते आणि जुलाब वाढतात. ‘ओआरएस’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही पेयांमध्ये लिटरमागे सुमारे १२० ग्रॅम साखर असल्याचं डॉ. संतोष यांचं म्हणणं होतं. म्हणजे सूत्रातल्या ग्लुकोजच्या जवळपास नऊपट. शिवाय मीठ कमी. धडधाकट मोठ्या माणसाने उन्हातून आल्यावर असं पेय प्यायलं तर फार बिघडणार नाही. पण वर्षभराच्या बाळाला दिवसातून दहा वेळा जुलाब होत असतील, तर हाच फरक जिवावर बेतू शकतो.

ओआरएसला ‘भारतीय शोध’ म्हणता येईल का?

याचं प्रामाणिक उत्तर ‘बऱ्याच अंशी’ असं आहे. एका माणसाने एका दिवशी लावलेला हा शोध नाही. तो कोलकाता, प्राग आणि ढाका अशा तीन शहरांमधून पुढे सरकला.

१९५३ साली कोलकात्यातले डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. कॉलऱ्याच्या १८६ रुग्णांवर त्यांनी तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन उपचार केले होते. पण शरीरात किती पाणी गेलं आणि किती बाहेर पडलं, याच्या काटेकोर नोंदी त्यात नव्हत्या. पाश्चात्त्य वैद्यकविश्वाने त्या लेखाकडे फारसं लक्ष दिलं नाही.

१९५९ मध्ये कोलकात्याच्याच डॉ. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं, की कॉलऱ्याचे जंतू एक विष तयार करतात आणि त्या विषामुळे आतड्यात पाणी साचतं. आजाराचं मूळ समजलं तसा उपायाचा मार्गही मोकळा झाला. नोबेलविजेते शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांची नोबेलसाठी शिफारस केली होती. भारतात मात्र डे हयात असताना त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही.

ग्लुकोज आणि सोडियमच्या जोडवाटेची कल्पना १९६० मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमधल्या एका परिषदेत मांडली. त्यानंतर १९६८ मध्ये ढाक्यातल्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण अमेरिकन डॉक्टरांनी नीट मोजमाप करून सिद्ध केलं, की तोंडावाटे दिलेल्या द्रावणामुळे सलाईनची गरज खूपच कमी होते.

म्हणजे १९७० पर्यंत सूत्र तयार होतं. पण ते वापरायचं कुठे, तर रुग्णालयात आणि प्रशिक्षित डॉक्टरांच्या नजरेखाली, असाच समज होता. तो मोडला बनगावने.

बनगावला काय घडलं?

१९७१. पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी लोक भारतात आले होते. पश्चिम बंगालच्या सीमेवर असलेल्या बनगावच्या आसपास निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. पाऊस, चिखल, घाण पाणी आणि त्यात कॉलरा. रुग्णालयात खाटा अपुऱ्या, रुग्ण जमिनीवर, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या आणि सुई लावायला माणसं नाहीत, अशी अवस्था होती.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले. सलाईनच्या भरवशावर ही लढाई जिंकता येणार नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. त्यांनी साधंसोपं सूत्र निवडलं. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम खायचं मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा. कोलकात्यात या पुड्या भरल्या गेल्या. छावणीत त्या पाण्यात मिसळून मोठ्या पिंपांत भरल्या जायच्या. खर्च लिटरमागे अवघा ११ पैसे.

पण सर्वांत मोठा बदल पाजणाऱ्या हातांत होता. हे पाणी परिचारिका देत नव्हत्या. रुग्णाची आई, भाऊ, नवरा किंवा शेजारी पेल्याने पाजत होते. आठ आठवड्यांत ३,७०० हून अधिक रुग्णांवर उपचार झाले. आधी मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं.

उपचार करायला डॉक्टरच लागतो, ही समजूत या आकड्याने खोटी ठरवली. नेमकं हेच त्या काळातल्या अनेक तज्ज्ञांना पटत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेत काम करणारे डॉ. धीमान बरुआ बनगावला येऊन गेले आणि पुढे त्यांनी ही पद्धत संघटनेत लावून धरली.

जगभर कसं पसरलं?

१९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ने या उपायामागच्या शोधाचा उल्लेख, या शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती, अशा आशयाच्या शब्दांत केला. युनिसेफने ओआरएसची पाकिटं देशोदेशी पोहोचवली.

बांगलादेशात तर १९८० पासूनच्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, एवढं त्यांनी सव्वा कोटीच्या आसपास घरांमध्ये शिकवलं. किती घरांना भेट दिली यावर त्यांचं मानधन ठरत नव्हतं. शिकवलेलं किती आयांच्या लक्षात राहिलं, हे नंतर तपासून ते ठरायचं. ‘खाबार सॅलाईन’ हा शब्द तिथे घराघरात पोहोचला तो यामुळेच.

१९८० च्या सुमारास जगात दरवर्षी पाच वर्षांखालच्या ४५ लाखांहून अधिक मुलांचा मृत्यू अतिसाराने होत असल्याचा अंदाज होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार हा आकडा सुमारे ४ लाख ४४ हजारांवर आला आहे. यात स्वच्छ पाणी, शौचालयं, पोषण आणि रोटाव्हायरसची लस यांचाही वाटा आहे. तरी ओआरएसमुळे वाचलेल्यांचा आकडा पाच कोटींच्या पुढे असल्याचं मानलं जातं.

महालनबीस यांना परदेशात मोठे सन्मान मिळाले. २००२ मध्ये अमेरिकेतला पॉलिन पुरस्कार आणि २००६ मध्ये थायलंडचा प्रिन्स माहिडॉल पुरस्कार त्यांना इतरांसोबत विभागून मिळाला. भारताने त्यांना पद्मविभूषण जाहीर केलं ते जानेवारी २०२३ मध्ये. ऑक्टोबर २०२२ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

मग भारतात ओआरएस कमी का वापरलं जातं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना ओआरएस मिळालं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५०.६ टक्के होतं. सुधारणा आहे, पण दर दहा मुलांमागे जवळपास चार मुलं अजूनही वंचित आहेत.

डॉक्टरांना ओआरएस माहीत नाही, असं कारण कुणी देऊ शकत नाही. मग अडतं कुठे? यावर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांत, दोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टर आणि औषधोपचार करणाऱ्यांकडे संशोधकांनी माणसं पाठवली. घरी लहान मुलाला जुलाब होतायत, असं ती माणसं सांगायची. काहींनी ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवून ‘हे चालेल का’ असं विचारलं, काहींनी अँटिबायोटिकचा फोटो दाखवला, तर काहींनी काहीच पसंती सांगितली नाही.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. दुकानात साठा नसणं किंवा दुसरी औषधं विकून जास्त पैसे मिळणं, या दोन कारणांचा वाटा अगदी कमी निघाला, अनुक्रमे ६ आणि ५ टक्के. सर्वांत मोठं कारण, ४२ टक्के, हे होतं की रुग्णाला ओआरएस नको असणार असं डॉक्टर गृहीत धरतात. ‘फी घेऊन नुसतं मीठ-साखरेचं पाणी दिलं’ असं लोक म्हणतील, अशी त्यामागची धास्ती. ज्यांनी स्वतःहून ओआरएसबद्दल विचारलं, त्यांना ते लिहून मिळण्याचं प्रमाण २८ वरून ५५ टक्क्यांवर गेलं.

हा अभ्यास आणि लेबलांचा वाद शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. ओआरएसवर कुणाची मालकी नाही. ते स्वस्त आहे आणि कुणालाही बनवता येतं, म्हणून ते जगभर पसरू शकलं. पण त्याच कारणामुळे त्याची जाहिरात करण्यात फारसा कुणाचा फायदा नाही. सरकारी मोहिमा पावसाळ्याच्या आसपास येतात आणि जातात. मधल्या काळात त्या नावाची पुण्याई उरते आणि बाजार ती वापरतो. साध्या पुडीला पालक ‘औषध’ मानायला तयार नसतात, पण रंगीत पॅक, संत्र्याची चव आणि वर तीच विश्वासाची अक्षरं असली की पटकन पैसे देतात. डॉक्टरला वाटणारी धास्ती आणि पालकांची ही ओढ, दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे. साधा उपाय म्हणजे कमी दर्जाचा उपाय.

म्हणूनच फक्त लेबल बदलून काम संपत नाही. ही पेयं नवीन नावाने, तशाच पॅकमध्ये, मेडिकलच्या त्याच फळीवर येऊ शकतात. खाद्यपदार्थ आणि औषध या दोन यंत्रणांनी मिळून दुकानातल्या मांडणीकडेही लक्ष दिलं, तर आदेशाला अर्थ राहील.

पालकांनी काय पाहावं?

पाकिटावर ‘ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स’ हे पूर्ण नाव आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावं. एक लिटरसाठीचं मोठं पाकीट साधारण २०.५ ग्रॅम क्षारांचं असतं. २०० मिलिलिटरसाठी छोटी पाकिटंही मिळतात. पाकीट अर्धं वापरू नये आणि सांगितलं आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण मिसळावं. पाणी कमी घेतलं तर द्रावण घट्ट होतं, जास्त घेतलं तर उपयोग कमी होतो. बनवलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावं.

सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे ही पाकिटं मोफत मिळतात. पाकीट हाताशी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवावं. सोबत भाताची पेज आणि ताक चालतं. बाळाचं स्तनपान थांबवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंकही द्यायचं असतं. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार जुलाब झालेल्या मुलांपैकी ते मिळालेल्यांचं प्रमाण जेमतेम ३०.५ टक्के होतं.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागलं, तर घरी थांबू नये. अशा वेळी दवाखाना आणि गरज पडल्यास सलाईन हाच उपाय.

आणि दवाखान्यात गेल्यावर एक प्रश्न आवर्जून विचारावा, “डॉक्टर, ओआरएस देऊ का?” कर्नाटक आणि बिहारमधल्या अभ्यासात एवढ्या एका प्रश्नाने ओआरएस लिहून मिळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं.